डागाला हात लावू नका

"आपल्या घराण्यानं आजवर या जगाला एक इंचही खोटं लाकूड दिलेलं नाही," दादा म्हणाले, आणि त्यांनी घासायचं मशीन साइडबोर्डच्या वरच्या फळीवरून आणखी एकदा फिरवलं.

हे वाक्य ऐकायला कारखान्यात कोणी नव्हतं. वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या, पण इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायकोला श्रोत्यांत धरायचं नसतं. वाक्य होतं संग्रहालयाच्या बाईंसाठी. त्या पाच वाजता येणार होत्या. जुन्या काळच्या फर्निचरचं मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि बाबांनी त्रेपन्न वर्षांपूर्वी घरासाठी बनवलेला हा साइडबोर्ड, म्हणजे तीन दारांचं बुटकं कपाट, त्यात ठेवायचा की नाही, हे त्या आज बघून ठरवणार होत्या. 'एक इंचही'च्या आधी थांबावं की नंतर, एवढाच प्रश्न दादांपुढे शिल्लक होता. आधी थांबलं की वजन येत होतं. नंतर थांबलं की खोकला येत होता.

त्यांनी मशीन बंद करून उचललं. किटलीचा गोल पांढरा डाग पार गेला होता. डागाखालचं लाकूडही गेलं होतं. बशीएवढ्या जागेत काहीतरी फिकट, भुरकट वर आलं होतं.

वहिनींनी चहा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"अहो, हे काय?"

"काही नाही."

"मग इथल्या रेषा आडव्या का जातायत? बाकीच्या सगळ्या उभ्या आहेत."

"लाकूड आहे. कधी कधी वळतं."

"काटकोनात?"

दादांनी फळीच्या कडेवर अंगठ्याचं नख फिरवलं. नखाला बारीक रेघ लागली, केसाएवढी. वर सागवानाचा पापुद्रा, म्हणजे व्हिनिअर, आणि खाली प्लायवूड.

हे नख खरं तर आधी फिरवायचं असतं. मशीनला हात लावण्यापूर्वी कड तपासा, हा या कारखान्याचा पहिला धडा. बाबांनी तो दादांना शिकवला होता आणि दादांनी पुढे निदान तीस माणसांना. चुकणाऱ्याला ते दिवसभर भुसा झाडायला लावत. पण तो धडा परक्यांच्या फर्निचरसाठी होता. बाबांच्या हातच्या साइडबोर्डवर नख फिरवणं म्हणजे बाबांना तोंडावर "खरं बोलताय ना?" असं विचारणं. दुसऱ्या कुठल्याही पॉलिशवाल्यानं ही चूक केली नसती. ती करायला बाबांचा मुलगाच असावा लागतो.

कारखान्याच्या दारावर बाबांच्या वेळचा बोर्ड होता. त्यावर कारखान्याच्या नावाखाली लिहिलं होतं : 'भरीव लाकूड. फक्त भरीव.' दादांनी मान वर करून दाराकडे पाहिलं. बोर्ड बाहेरच्या बाजूला होता, दिसला नाही. तेवढंच बरं वाटलं.

मग त्यांनी अंगावरचा एप्रन काढला, चौघडी घातली आणि त्या जागेवर ठेवला. मेलेल्यावर ठेवतात तसा.

*

ताई दोन वाजता आल्या. त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. निवृत्त झाल्या होत्या त्या शाळेतून. मुख्याध्यापकी त्यांनी घरी आणली होती. भावंडांत थोरल्या असल्यामुळे तक्रार करायलाही कोणाला वाव नव्हता.

"डाग कुठाय?" त्यांनी पर्स टेकवायच्या आत विचारलं.

त्या डागावर ताईंचा वैयक्तिक हक्क होता. घरात साइडबोर्ड आला त्याच महिन्यात आईनं त्यावर उकळती किटली ठेवली आणि कायमचा गोल वळ उठला. सगळ्यांना वाटलं, आता बाबा घर डोक्यावर घेणार. बाबा एवढंच म्हणाले, "राहू दे. डागाला हात लावू नका." पुढेही कधी कोणी पॉलिशचा बोळा घेऊन जवळ गेलं की तेच : डागाला हात लावू नका. या वाक्यावर ताईंनी सव्वीस वर्षं शाळेच्या निरोपसमारंभात भाषण केलं होतं. माणसाला त्याच्या डागांसकट स्वीकारा, असा त्याचा मथितार्थ. शेवटाला काही मुली हमखास रडत.

"डाग काढला," दादा म्हणाले. "प्रदर्शनाला जायचंय. डाग घेऊन कसं जाणार?"

"विचारलंस कोणाला?" ताईंनी एप्रन उचलला. त्यांनी आडव्या रेषांवर बोट फिरवलं. "हे प्लायवूड आहे."

"हळू बोल. मागं घरात आई झोपलीय."

"हे प्लायवूड आहे," ताई कुजबुजल्या. कुजबुज मागच्या बाकापर्यंत पोचली. "म्हणजे बाबांनी..."

"बाबांनी काही केलेलं नाही! लाकूडवाल्यानं फसवलं असणार."

"प्लायवूडची फळी भरीव सागवान म्हणून? बाबांना? जे नुसता वास घेऊन झाडाचं वय सांगायचे?"

ताईंनी खुर्ची ओढली आणि घड्याळ पाहिलं. संकट आलं की त्या आधी वेळापत्रक बघत.

"तीन तास आहेत. बाईंना फोन कर. सांग, वाळवी लागली."

"वाळवी? आपल्या सागवानाला?"

"आपलं सागवान आता राहिलंय कुठे?"

"मी खोटं बोलणार नाही."

"मग खरं सांग."

"तेही सांगणार नाही."

"उत्तम," ताई म्हणाल्या. "मग आपण दोघं इथे पाच वाजेपर्यंत मान खाली घालून उभे राहू."

वहिनी इतका वेळ चहाचे कप गोळा करत होत्या. कप दोनच होते, पण त्या गोळा करत होत्या. शेवटी त्यांनी ते पुन्हा खाली ठेवले.

"मी भाऊजींना बोलावलंय," त्या म्हणाल्या. "तीन वाजता येतील."

दादांचं तोंड उघडलं.

"कुंडीवाल्याला? माझ्या कारखान्यात?"

"फोटो काढणार आहेत ना. मांडणी कोणीतरी करायला हवी. तुमची मांडणी म्हणजे भिंतीला टेकवणं."

"तुला त्याचा नंबर कुठून मिळाला?"

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. दर दोन महिन्यांनी त्या डोळे तपासायला म्हणून जात आणि दिराच्या शोरूममध्ये बसून कॉफी पिऊन येत. एकोणीस वर्षांत डोळ्यांच्या तपासण्या शंभराच्या वर झाल्या होत्या आणि चष्मा एकदाही बदलला नव्हता. हे कधी तरी याच्या लक्षात येईल, अशी त्यांना सुरुवातीची दहा वर्षं भीती वाटायची. नंतरची नऊ वर्षं, लक्षात कसं येत नाही याचा संताप यायचा.

"शोधला," त्या म्हणाल्या.

*

धाकटा बावन्न वर्षांचा होता. या घरात वय वाढतं, हुद्दा वाढत नाही.

त्यानं गाडी कारखान्यासमोर लावली आणि इंजिन बंद करूनही तो स्टिअरिंग धरून बसून राहिला. बोर्ड तसाच होता. एकोणीस वर्षांपूर्वी याच बोर्डाखाली तो दादाला म्हणाला होता, की या एका ऑफिसच्या ऑर्डरसाठी तरी आपण व्हिनिअर वापरू या. दादा म्हणाला होता, "बाबांच्या छपराखाली चिकटवाचिकटवी होणार नाही." बाबा तिथेच स्टुलावर बसले होते. दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाबा खोकले. दादानं तो खोकला आपल्या बाजूनं मोजला. धाकट्यानंही तो दादाच्याच बाजूनं मोजला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा रंधा घेऊन बाहेर पडला.

आता त्याची शोरूम होती. इतरांचं जुनं फर्निचर तो दुरुस्त करायचा, घासायचा, मग त्यावर मातीची कुंडी, पितळी दिवा आणि कोणी कधी वाचणार नाही अशी तीन पुस्तकं ठेवून फोटो काढायचा. पुस्तकं तो पाठीच्या रंगावरून विकत घेत असे. लोक फोटो बघून यायचे, फर्निचर घ्यायचे आणि घरी गेल्यावर हे फोटोतल्यासारखं का दिसत नाही म्हणून कुंडीही घेऊन जायचे.

दादाला सुनवायचं भाषण त्याच्याजवळ तयार होतं. त्याचे तीन भाग होते आणि तिसऱ्या भागात तो दादाला माफ करणार होता.

दोन खोकी काखेत मारून तो आत आला, साइडबोर्डपाशी थांबला आणि त्यानं एप्रन उचलला. कड बघायला त्याला नखही लावावं लागलं नाही.

त्यानं वळून दादाकडे पाहिलं.

"बोल," दादा म्हणाले. "बोल ना. एकोणीस वर्षं जमवलं असशील."

धाकट्यानं भाषणाचा पहिला भाग आठवून पाहिला. त्यातलं प्रत्येक वाक्य 'बाबांनी जन्मात व्हिनिअर लावलं नसेल, पण' असं सुरू होत होतं.

"एकोणीस वर्षं, दादा!" एवढंच त्याच्या तोंडून निघालं. "दारातल्या त्या बोर्डाखाली उभा राहून तू मला चिकटवाचिकटवी म्हणालास. आणि घरात हा साइडबोर्ड असताना!"

"मला काय माहीत?"

"नख नाही का तुला?"

"तुला होतं ना? तू का नाही फिरवलंस?"

धाकट्यानंही फिरवलं नव्हतं.

"तुमचा लहानपणीचा हिशोब संपला असेल," ताई म्हणाल्या, "तर आता सव्वातीन वाजलेत." त्या उठून धाकट्याच्या बाजूला गेल्या. दादांनी ते पाहिलं. "तुझ्याकडे कुंड्या आहेत. ठेव एक त्यावर. विषय संपला."

"झाकायचं नाही!" दादा म्हणाले.

"तू मघाशी एप्रननं झाकलं होतंस."

"तो एप्रन होता!"

वहिनींनी खोक्यातून सगळ्यात मोठी कुंडी काढली आणि त्या जागेवर ठेवली. डाग झाकला गेला. काठोकाठ, जणू मापानं घडवली होती. सगळे दोन पावलं मागे सरकले. ताईंनी समाधानाचा श्वास सोडला. आणि धाकट्यानं पुढे होऊन कुंडी उचलली.

"हे नाही जमणार."

"का नाही जमणार?"

"बरोबर मधोमध येतेय. मधोमध कुंडी कोण ठेवतं? सरकारी कार्यालय वाटेल. एक तर डावीकडे पाहिजे, नाही तर उजवीकडे."

"डाग मधोमध आहे!" ताई ओरडल्या.

"मी काय करू? याचा फोटो छापून येणार, खाली माझी मांडणी म्हणून लिहिणार. लोक काय म्हणतील?"

ताईंनी डोळे मिटले. सव्वीस वर्षं त्यांनी आठशे मुली सांभाळल्या होत्या आणि त्यांतल्या एकीनंही त्यांचा असा अंत पाहिला नव्हता.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "एकाला खोटं चालत नाही. दुसऱ्याला मधोमध चालत नाही. या दोघांना घडवताना आपल्या बाबांच्या हातून नक्की काय चिकटवायचं राहिलं?"

"ताई, मी तर सासरची. मला विचारू नका," वहिनी म्हणाल्या, पण त्या सरकून ताईंच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. आता एका बाजूला दोन बायका, दुसऱ्या बाजूला दोन भाऊ आणि मध्ये साइडबोर्ड अशी रचना झाली. भावांच्या लक्षात आलं की आपण एका बाजूला आहोत, आणि दोघंही एकमेकांपासून हातभर लांब झाले.

दादा स्टुलावर बसले. त्यांच्या भुवयांवर भुसा साचला होता.

"मी बाईंना फोन करतो," ते म्हणाले. आवाज एकदम साधा होता. कुठेही थांबा नव्हता. "सांगतो, येऊ नका. आणि उद्या बोर्ड उतरवतो. आयुष्यभर मी लोकांना त्या दोन शब्दांवर हाकललंय. अर्धवट ऑर्डरी परत केल्यात. भाऊ घालवला. आता कुठल्या तोंडानं त्याखालून आत येऊ? कारखाना बंदच करतो."

दादा फोनकडे हात नेतायत हे सगळ्यांना दिसत होतं.

*

मागच्या घरातून आई आत आली ती हातात आपली चुरगळलेली निळी साडी घेऊन.

"माझी इस्त्री कुठाय? फोटोला मी काय अशी बसू, बोळा केल्यासारखी? आणि अरे, तुम्ही सगळे सुतार ना? तो मधला खण अजून नीट लागत नाही. दोन बोटं बाहेर राहतो. माझं कोपर आपटतं. कितीदा सांगायचं?"

"आई, आत्ता खणाचं नको," तिघं मुलं एकदम म्हणाली.

आईनं चष्मा वर केला. साइडबोर्डपाशी आली. त्या भुरकट बशीवर तिनं बोट ठेवलं.

"घासलंस?"

दादांनी मान हलवली.

"ते सांगून गेले होते ना? डागाला हात लावू नका. शंभरदा सांगून गेले होते."

ताईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. सव्वीस निरोपसमारंभ एका रांगेत उभे राहिले होते.

"म्हणजे आई," त्या हळूच म्हणाल्या, "ते... त्यासाठी म्हणायचे?"

"मग कशासाठी? घासलं की खालचं दिसणार. तुला काय वाटलं?"

"मला वाटलं," ताई म्हणाल्या, "जाऊ दे."

"तुला माहीत होतं?" दादा स्टुलावरून उठले. "हे व्हिनिअर आहे हे तुला माहीत होतं?"

"माझ्याच इस्त्रीनं चिकटवलंय. स्वयंपाकघरात. दोन दिवस घरभर सरसाचा वास. ते सरस लावायचे, मी ओलं फडकं धरायचे, ते वरून इस्त्री फिरवायचे. तिन्ही दारांवर लाकडाची एकच रेष पळत गेली पाहिजे, चित्रासारखी, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. भरीव फळीत ते होत नाही म्हणाले."

"आणि बोर्ड? भरीव लाकूड, फक्त भरीव?"

"तो रंगवणारा आला होता. त्यानं कारखान्याचं नाव लिहिलं आणि खाली हातभर जागा उरली. तो म्हणाला, साहेब, खाली रिकामं वाईट दिसतं, काहीतरी सांगा. हे जेवत होते. म्हणाले, लिही भरीव लाकूड. त्यानं लिहिलं. तरी जागा उरली. म्हणाले, मग लिही फक्त भरीव."

दादा पुन्हा स्टुलावर बसले.

"आणि त्या दिवशीचा खोकला?" धाकट्यानं विचारलं. "मी गेलो त्या दिवशी ते खोकले होते. तो कोणाच्या बाजूनं होता?"

"सर्दी झाली होती त्यांना. आठवडाभर काढा घेत होते."

वहिनींना हसू आलं. त्यांनी ते पदरात दाबलं.

"पण मला का नाही सांगितलं?" दादा म्हणाले. हा प्रश्न त्यांनी कोणालाच विचारला नव्हता, तरी आईनंच उत्तर दिलं.

"तू आठ वर्षांचा होतास. शाळेतल्या पोरांना घेऊन यायचास आणि त्या बोर्डाखाली छाती काढून वाचून दाखवायचास. आमचे बाबा फक्त भरीव. हे खिडकीतून बघायचे. म्हणायचे, मोठा झाला की सांगू. मग तू मोठा झालास आणि जास्तच मोठ्यानं वाचायला लागलास. त्यांची हिंमत नाही झाली."

कारखान्यात कुठेतरी एक फळी वाळताना कटकन वाजली.

"आता खण बघता का?" आई म्हणाली.

या वेळी धाकट्यानं ऐकलं. ऐकलं म्हणण्यापेक्षा, त्याला हाताला काहीतरी काम हवं होतं. त्यानं मधला खण पूर्ण ओढून काढला, खाली ठेवला आणि आतल्या अंधारात कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक चपटं पुडकं होतं. कागद वाळलेल्या पानासारखा फाटला. आत सागवानाचे चार पातळ पापुद्रे होते, वीतभर रुंद, दोन विती लांब, त्याच खोडाचे, त्याच रेषांचे.

"उरलेलं," आई म्हणाली. "कधी लागलं तर, म्हणून ठेवलं होतं. मी किती वर्षं सांगतेय खण लागत नाही."

*

धाकट्यानं खण परत अर्धा आत सरकवला तेव्हा चार वाजले होते.

दादांनी एक पापुद्रा हातात घेतला. उजेडात धरला. त्यांना लाकडाचं सगळं कळत होतं, हे सोडून. चाळीस वर्षं त्यांनी व्हिनिअरला तत्त्व म्हणून हात लावला नव्हता, त्यामुळे तो लावायचा कसा हेही त्यांना तत्त्वतः माहीत नव्हतं.

"तुला," ते खिडकीकडे बघत म्हणाले, "ते येतं ना?"

"काय?" धाकटा म्हणाला.

"ते."

"ते म्हणजे?"

"हे रे. हे लावायचं."

"नाव घे, दादा."

"व्हिनिअर!" दादा ओरडले. "व्हिनिअर, व्हिनिअर! झालं समाधान?"

"झालं," धाकटा म्हणाला आणि त्यानं बाह्या वर सारल्या. "वहिनी, सरस गरम करा. ताई, एक फडकं ओलं करून पिळून दे. आई, तुझी इस्त्री."

"मला साडीला हवी आहे."

"दहा मिनिटं."

"तेही असंच म्हणाले होते," आई म्हणाली, पण तिनं इस्त्री दिली.

दादांना वाटलं, तो आता बशीसारखं गोल ठिगळ कापणार. तो गोल कापणार नव्हता. गोल डोळ्यांत भरतं, तो म्हणाला, कारण लाकडात कुठेच गोल रेष पळत नसते. त्यानं पापुद्रा जखमेवर ठेवला, रेषेला रेष जुळवली आणि पातळ सुरीनं होडीसारखा आकार कापला, दोन्ही टोकं निमुळती, रेषांच्या दिशेनं. वरचा आणि खालचा पापुद्रा एकाच वेळी कापला, म्हणजे जोड आपोआप बसतो. सरस चोळला. ओलं फडकं ठेवलं. इस्त्री फिरवली. कारखाना सरसाच्या वासानं भरून गेला. आईनं डोळे मिटून घेतले आणि "हाच," असं काहीतरी म्हणाली.

मग तो मागे सरकला. होडी बसली होती, पण नव्या त्वचेसारखी फिकट दिसत होती.

"रंग," तो म्हणाला. "मला असा रंग जुळवता येत नाही. मी म्हणून तर कुंड्या ठेवतो."

दादा उठले. त्यांनी विचारलं नाही आणि धाकट्यानं सांगितलं नाही. फडताळातून त्यांनी तीन बाटल्या काढल्या, लाखेचं पॉलिश बशीत ओतलं, त्यात रंगाचे दोन थेंब टाकले, एक काढल्यासारखं केलं, बोळा बुडवला आणि पिळला. एक हात फिरला. थांबले. दुसरा हात फिरला. त्यांच्या जिभेचं टोक ओठांतून बाहेर आलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या धाकट्याचंही आलं होतं.

"जास्त होतंय," धाकटा म्हणाला.

"गप्प बस."

"उजवीकडे जास्त होतंय."

"तुझं ठिगळ उजवीकडे जाड आहे."

"माझं ठिगळ जाड नाही!"

ताईंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी ताईंकडे पाहिलं. आता हे दोघं पुन्हा बोलायला लागलेत, म्हणजे आपली सुटका नाही, हे दोघींना एकाच वेळी कळलं.

*

संग्रहालयाच्या बाई पाचला दहा मिनिटं असतानाच आल्या. गळ्यात कॅमेरा, हातात वही. नमस्कार झाल्यावर त्या वरच्या फळीकडे बघायच्या आधी खाली बसल्या, अगदी जमिनीवर, आणि तिन्ही दारांवरून बोट फिरवत गेल्या. डावीकडून उजवीकडे. रेष कुठे तुटत नव्हती.

दादा पुढे झाले. घसा साफ केला.

"आपल्या घराण्यानं आजवर या जगाला..." आणि ते थांबले. ज्या जागी थांबायचं असं सकाळभर ठरवत होते, तिथेच थांबले. फक्त पुढचं वाक्य आलं नाही.

धाकट्यानं कुंडी हातात घेतली. वेळ आलीच तर मधोमध ठेवायचीही त्यानं मनाची तयारी केली होती.

"हे भरीव नाही," दादा म्हणाले. "व्हिनिअर आहे. मी तुम्हांला फोनवर भरीव म्हणून सांगितलं, ते चूक होतं. आणि इथे वर, ही होडी दिसते का? दिसणार नाही, पण आहे. ते मी आज घासून फोडलं. यानं जोडलं."

बाई उठल्या, गुडघे झाडले.

"व्हिनिअर आहे हे मला फोटोतच दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "भरीव लाकडात तीन दारांवर अशी एक रेष येणं शक्यच नाही. त्यासाठीच तर आले. खरं सांगू का? तुम्ही फोनवर भरीव, भरीव म्हणत होतात ना, तेव्हा मी जवळजवळ बेत रद्द करणार होते. भरीव साइडबोर्ड आमच्याकडे सहा आहेत."

दादांनी स्टूल शोधलं. वहिनींनी ते त्यांच्याखाली सरकवलं.

"घेताय म्हणजे?" ताईंनी विचारलं. निकाल तोंडी ऐकल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे.

"घेतेय. फक्त पाटीवर दुरुस्तीची नोंद करावी लागेल. कोणाची लिहू?"

"याची लिहा," दादा म्हणाले. "ठिगळ यानं लावलंय."

"छे. रंग यानं जुळवलाय."

"ठिगळ मुख्य."

"ठिगळ दिसतच नाही. म्हणजे रंग मुख्य."

"मोठा भाऊ सांगतोय ना, तुझं लिहायचं म्हणून!"

"एकोणीस वर्षांत पहिल्यांदा काही देतोयस, तेही ओरडून!"

बाई वही उघडी धरून उभ्या होत्या. ताईंनी कपाळाला हात लावला. वहिनी चहा टाकायला निघाल्या, कारण हे आता साडेसहापर्यंत चालणार होतं.

आई साइडबोर्डसमोर खुर्ची टाकून बसली होती. तिनं मधला खण आत ढकलला. तो आवाज न करता, पार शेवटपर्यंत आत गेला. तिनं तो उघडला, पुन्हा लावला. कोपर पुढे-मागे करून पाहिलं. मग मांडीवरची चुरगळलेली निळी साडी तिनं झटकली.

"तुमचं ठरेल तेव्हा ठरवा," ती म्हणाली. "आधी माझी इस्त्री द्या. आणि बूड पुसून द्या. मागच्या वेळी तुमच्या बाबांनी सरस लागलेलीच परत केली होती."